मदत हवी आहे: अडीच वर्षांच्या मुलाला मेकेल स्कॅन सांगितलाय

नमस्कार मंडळी,

आम्ही गोव्यातल्या साखळीचे. पंधरा दिवसांपूर्वी सकाळी मुलाचा डायपर बदलायला घेतला तर आत रक्त. आमसुलाच्या आगळासारखं, गडद जांभळट. सासूबाईंनी आधी विचारलं, काल सोलकढी पाजलीस काय त्याला? नव्हती पाजली. आणि पोर मात्र मजेत, डाव घेऊन ताट बडवत बसलेलं. पोटदुखी नाही, ताप नाही, उलटी नाही.

जवळच्या डॉक्टरांनी हगवण समजून आठ दिवस औषध दिलं. परत रक्त पडलं तेव्हा पोराचे ओठ पांढरे पडले होते. हिमोग्लोबिन 7.2. मोठ्या हॉस्पिटलात नेऊन रक्त चढवावं लागलं. सोनोग्राफीत काहीच नाही. सर्जन म्हणाले, मेकेल्स डायव्हर्टिक्युलम असू शकतं, स्कॅन करून घ्या.

त्यांनी समजावलं ते असं. गर्भात सुरुवातीला आतड्यापासून बेंबीकडे जाणारी एक नळी असते, ती सातव्या आठवड्याच्या सुमारास नाहीशी होते. काहींच्यात तिचा तुकडा लहान आतड्याच्या शेवटाजवळ पिशवीसारखा राहतो. शंभरात दोघांना असतो म्हणे, बहुतेकांना जन्मभर पत्ताही लागत नाही. पण त्या पिशवीत जठराचं अस्तर असलं तर तिथे आम्ल सुटतं, शेजारचं आतडं सोलवटतं आणि रक्त येतं. शिरेतून टेक्नेशियम हे किरणं सोडणारं द्रव्य दिलं की जठराचं अस्तर ते ओढून घेतं, म्हणून पिशवी कॅमेऱ्यात दिसते.

इतकं कळलं. पण चार तास उपाशी ठेवून या वयाच्या मुलाला टेबलावर निजवायचं कसं? घरात वहिनी गरोदर आहे, तिला या किरणांचा त्रास होईल का? आणि ज्याने मला झोप नाही तो प्रश्न: स्कॅनमध्ये काही दिसलं नाही तर पिशवी नाही असं धरायचं का?

प्रतिसाद

ताई, मी फोंड्याचा. आमची मुलगी तीन वर्षांची असताना यातून गेलीय, म्हणून शेवटच्या प्रश्नापासून सांगतो. नाही, तसं धरायचं नाही. मुलांमध्ये हा स्कॅन शंभरातल्या साधारण 85 जणांची पिशवी पकडतो, बाकीच्यांची निसटते. आमचा पहिला स्कॅन कोरा आला होता. रक्त थांबेना, म्हणून आधी फॅमोटिडिन हे आम्ल कमी करणारं औषध देऊन परत केला. त्या औषधाने टेक्नेशियम अस्तरातच टिकतं, आतड्यात वाहून जात नाही. दुसऱ्या वेळी पडद्यावर जठर उजळलं आणि त्याच क्षणी खाली, बेंबीच्या उजव्या अंगाला, एक ठिपका. मी तो ठिपका अजून विसरलेलो नाही. पुढे दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. दुसराही कोरा आला असता तर दुर्बीण घालून बघणार होते.

झोपेचं म्हणाल तर आदल्या रात्री उशिरा निजवलं, पहाटे उठवलं. सुई टोचल्यावर रडून रडून टेबलावरच झोपली. चादरीत घट्ट गुंडाळली होती. तासाभराचं काम. मध्येच शू करायला लावतात, भरलेलं मूत्राशयही उजळतं आणि ठिपका झाकला जातो.

टेक्नेशियम दर सहा तासांनी निम्मं होतं. डोस मुलाच्या वजनावर ठरतो. वहिनींना तो दिवस त्याला मांडीवर घेऊ देऊ नका, डायपर तुम्हीच बदला, हात नीट धुवा. त्या गरोदर आहेत हे स्कॅनवाल्यांना आवर्जून सांगा.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. गुरुवारी स्कॅन आहे, फॅमोटिडिनचं आजच विचारते. पण बुधवारी बेरियम पाजून एक्स-रेही लिहिलाय. तो आधी चालेल ना?

प्रतिसाद

नको ताई! पोटात बेरियम राहिलं तर ते किरण अडवतं, स्कॅन फुकट जातो. आत्ताच फोन करा आणि स्कॅन आधी घ्यायला सांगा.