नववी-दहावीचं प्रात्यक्षिक गणित: चार शाळांच्या शिक्षकांनी मिळून उपक्रम बसवावेत का?

गोदाकाठ
नाशिकच्या शाळांतल्या गणित शिक्षकांपुढे एक प्रस्ताव ठेवतो. जवळच्या तीन-चार शाळांच्या शिक्षकांनी महिन्यातून दोन तास एकत्र बसावं आणि एकच उपक्रम तयार करावा. तो आधी एका वर्गात घेऊन बघावा, चुका काढाव्यात, मग बाकीच्यांनी घ्यावा. एकट्याने केलं की पहिल्या वर्षी जे फसतं, तेच दरवर्षी फसत राहतं.

उदाहरण शेततळ्याचं. तोंड 30 × 30 मीटर, खोली 3 मीटर, उतार 1:1.5, म्हणजे एक मीटर खोलीला दीड मीटर आत. मुलं सरळ 30 × 30 × 3 = 2700 घनमीटर लिहून मोकळी होतात. पण प्रत्येक बाजू 4.5 मीटर आत येते, म्हणून तळ 21 × 21. घनफळ म्हणजे खोली/3 × (तोंडाचं क्षेत्रफळ + तळाचं क्षेत्रफळ + त्या दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ): 3/3 × (900 + 441 + 630) = 1971 घनमीटर. आता 9 × 5 फुटांवर लावलेली एक एकर द्राक्षबाग घ्या: 43,560 चौरस फूट ÷ 45 = 968 वेली. वेलीला ताशी 4 लिटरचे दोन ड्रिपर, रोज तीन तास पाणी. बाष्पीभवन सोडलं तर तळं 84 दिवस पुरतं. 2700 धरणाऱ्याचा हिशोब 116 दिवसांचा येतो. हा महिन्याभराचा फरक बागायतदाराच्या मुलाला समजावून सांगावा लागत नाही.

कर्ण
मला हे पटत नाही. पुस्तकातला शंकुछेद (टोक कापलेला शंकू) गोल आहे, तुमचं तळं चौकोनी. परीक्षा 40-40 गुणांच्या दोन लेखी आणि 20 अंतर्गत. 35 मिनिटांच्या तासिकेत 60 मुलं मैदानावर न्यायची-आणायची म्हणजे दहा मिनिटं गेलीच. उन्नत कोनाचा नेहमीचा प्रयोग बघा, कोनमापकाला दोरा लटकवून उंच वस्तूच्या माथ्यावर नेम धरायचा आणि कोनावरून उंची काढायची: वाऱ्याने दोरा हलतो, मुलं वाचलेला कोन 90 मधून वजा करत नाहीत, डोळ्याची उंची मिळवत नाहीत. त्यात 37° किंवा 52° आला की कोष्टक शोधा. घंटा होते, उत्तर काही निघत नाही.

त्रिज्या
@कर्ण, तुम्ही सांगितलेल्या चुका खऱ्या आहेत, आणि त्यांची यादी करायलाच एकत्र बसायचं. कोन मोजायलाच नको. कोनमापकाच्या सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवा, केंद्रातून 25 सेंमी दोरा सोडा, टोकाला दोन नट बांधा. एकाने दोरा फार हलतो. पाण्याच्या टाकीच्या माथ्यावर नेम धरून मागे सरकायचं. दोरा 45 वर आला की थांबायचं. 45° ला अंतर आणि डोळ्याच्या वरची उंची सारखीच, म्हणून टाकीच्या पायथ्यापर्यंतचं अंतर अधिक डोळ्याची उंची म्हणजे टाकीची उंची, झालं. 90 मधून 45 गेले तरी 45च, त्यामुळे वजाबाकीची चूकही होत नाही. शिवाय एका अंशाच्या चुकीचा फटका 45° लाच सगळ्यात कमी बसतो: डोळ्याच्या वर 15 मीटर असेल तर साधारण अर्धा मीटर, 70° ला 80 सेंमी. नेम धरणाऱ्याने आकडा वाचू नये, दोरा बोटाने दाबून धरावा आणि दुसऱ्याने वाचावा. जमीन मात्र सपाट हवी.

कर्ण
45° ची युक्ती मान्य. पण तयार आराखडा हाती आला की बरेच जण तो नुसता वाचून दाखवतात. तो बनवताना डोकं खपवलेल्यालाच मुलाचा आडवा प्रश्न झेलता येतो. आणि पिंपळगाव बसवंतला चालणारं शेततळं सिडकोतल्या शहरी वर्गाला परकं वाटणार.

खडूफळा
म्हणून आराखडा नको, एक पान पुरे: साहित्य, मिनिटं, आणि मुलं कुठे चुकतात. उपक्रम ज्याने त्याने बसवावा.

मैदानावर न जाताही जमतं. लासलगावच्या कांदा लिलावाच्या धर्तीवर तीन वाहनं फळ्यावर लिहा (आकडे समजुतीपुरते): 40 क्विंटल 1500 रुपयांनी, 10 क्विंटल 2100 ने, 5 क्विंटल 2400 ने. मुलं तीन दरांची सरासरी 2000 सांगतात. खरी सरासरी 93,000 ÷ 55, म्हणजे 1691. वारंवारता (इथे प्रत्येक दराचे क्विंटल) म्हणजे काय हे इथे कळतं, आणि कांदा सिडकोतही रोज लागतो.

त्रिज्या
गोल शंकुछेदच हवा तर बादली घ्या. त्रिज्या मोजायला जाऊ नका, केंद्र सापडत नाही. दोऱ्याने परीघ घ्या. वर 88 सेंमी, खाली 66, उंची 24 असेल तर त्रिज्या 14 आणि 10.5, घनफळ 11,396 घनसेंमी. मग लिटरच्या बाटलीने भरून बघा, साडेअकराच्या आतच भरते.

कर्ण
बादली वर्गात होईल, ती मी घेतो. पानावर एवढं जरूर लिहा: दोरा वरच्या जाड काठावरून नको, काठाच्या लगेच खाली गुंडाळायचा. नाहीतर परीघ दोन-तीन सेंमी वाढतो आणि हिशोब बाटलीशी जुळत नाही.