हर्लिंगमधील लाल कार्ड: पंचाने पाहूनही कारवाई केली नाही, तर पुढे दाद मागता यावी का?

क्रीडाशिक्षक_सोलापूर

मी सोलापुरातील एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे आणि गेली बावीस वर्षे शालेय कबड्डी स्पर्धांत आधी पंच आणि आता सरपंच, म्हणजे मुख्य पंच, म्हणून काम करीत आहे. माझा भाचा शिक्षणासाठी आयर्लंडमधील कॉर्क शहरात गेल्यापासून मला हर्लिंग या खेळाची गोडी लागली आहे. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक बाजूला पंधरा खेळाडू असतात, प्रत्येकाच्या हातात अ‍ॅशच्या लाकडाची, टोकाला पसरट होत गेलेली काठी असते, आणि चेंडू जमिनीवरून जितका मारतात तितकाच हवेत, खांद्याच्या वर असतानाही मारतात. गोलाचे तीन गुण मिळतात आणि आडव्या दांड्याच्या वरून चेंडू गेला तर एक गुण मिळतो.

२० जुलै २०२५ रोजी झालेला, आयर्लंडच्या काउंटी संघांच्या अजिंक्यपद स्पर्धेतील कॉर्क आणि टिपरेरी यांच्यातील अंतिम सामना मी घरी बसून पूर्ण पाहिला. मध्यंतरापर्यंत कॉर्क सहा गुणांनी पुढे होते. उत्तरार्धात त्यांच्या ओवेन डाउनीने टिपरेरीच्या जॉन मॅग्राला पाडले, त्याबद्दल डाउनीला दुसरे पिवळे कार्ड मिळाले आणि तो बाहेर गेला. पेनल्टीवर टिपरेरीच्या डारा मॅकार्थीने गोल केला, आणि संपूर्ण उत्तरार्धात कॉर्कला केवळ दोन गुण मिळाले. हाच एकोणीस वर्षांचा मॅकार्थी एप्रिलमध्ये कॉर्कविरुद्धच्याच सामन्यात चेंडू खेळात येण्याआधीच लाल कार्ड घेऊन बाहेर गेला होता. उपांत्य सामन्यातही तो बाद झाला होता, आणि अंतिम सामन्यात मात्र त्याने एक गोल आणि तेरा गुण मिळवले. हे निर्णय मला पटले, कारण प्रत्येक वेळी पंचाने जे पाहिले त्याची शिक्षा तिथल्या तिथे झाली.

माझा प्रश्न वेगळ्या प्रसंगाविषयी आहे. २०१७ साली वॉटरफर्डच्या टॅग डी बुर्काला प्रतिस्पर्ध्याच्या शिरस्त्राणाची जाळी ओढल्याबद्दल लाल कार्ड मिळाले आणि तो उपांत्य सामन्याला मुकला. त्याच उपांत्य सामन्यात त्याच्याच संघातील ऑस्टिन ग्लीसनच्या हातून कॉर्कच्या खेळाडूचे शिरस्त्राण ओढले गेले, परंतु त्याला लाल कार्ड मिळाले नाही आणि तो अंतिम सामना खेळला. नियम एक, संघ एक, आणि दोन्ही प्रसंगांत अवघ्या तीन आठवड्यांचे अंतर. चित्रफीत साऱ्या देशाने पाहिली असताना कारवाई का होऊ शकली नाही? दुसरे म्हणजे, आपल्याकडील शालेय सामन्यांत असे घडले तर सरपंचाचा शब्द कुठपर्यंत अंतिम मानावा?

होटगी_रस्ता

सर, मी नोकरीनिमित्त सहा वर्षे लिमरिकमध्ये राहिलो आणि तिथल्या एका क्लबच्या मुलांच्या सामन्यांत गोलखांबाजवळ पांढरा कोट घालून उभाही राहिलो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हर्लिंगमध्ये एक मुख्य पंच, दोन रेषापंच आणि दोन्ही टोकांना मिळून चार गोलपंच असतात. गोल झाला तर गोलपंच हिरवा झेंडा दाखवतात आणि एक गुण मिळाला तर पांढरा. रेषापंच किंवा गोलपंच यांना काही गैर दिसले तर ते मुख्य पंचाला सांगू शकतात, मात्र कार्ड दाखवणे हे एकट्या मुख्य पंचाचे काम असते. डब्लिनमधील क्रोक पार्क या मुख्य मैदानावर २०१३ पासून चेंडू खांबांच्या मधून गेला की नाही हे यंत्राने पाहतात, परंतु धक्का, फटका, ओढाताण यांसाठी सामना चालू असताना चित्रफीत पाहण्याची सोय नाही. आपल्या कबड्डीप्रमाणे पिवळ्या कार्डाने खेळाडू दोन मिनिटे बाहेर बसत नाही. पहिले पिवळे कार्ड ही ताकीद असते, दुसऱ्या पिवळ्या कार्डासोबत लाल येते, आणि बाद झालेल्याच्या जागी दुसरा खेळाडू उतरवता येत नाही. थेट लाल कार्ड असेल तर त्यामागून निलंबनही येते.

आता ग्लीसनच्या प्रसंगाकडे येतो. सामना संपल्यावर पंच आपला अहवाल देतो. स्पर्धा चालवणारी समिती चित्रफीत पाहू शकते आणि एखाद्या घटनेबाबत पंचाकडे खुलासा मागू शकते. घटना आपल्या नजरेतून सुटली असे पंचाने कळवले तर समितीला पुढे जाता येते. घटना पाहिली आणि जागच्या जागी तिचा निवाडा केला असे त्याने कळवले, तर मात्र प्रकरण तिथेच मिटते. ग्लीसनच्या बाबतीत पंच आपल्या निर्णयावर समाधानी होते, त्यामुळे समितीच्या हाती काही उरले नाही. डी बुर्काच्या बाबतीत लाल कार्ड आणि त्याची नोंद दोन्ही पक्की होती, म्हणून अपिलाच्या एकेक पायऱ्या चढूनही त्याचे निलंबन टळले नाही. त्याच उपांत्य सामन्यात वॉटरफर्डच्या कॉनर ग्लीसनला लाल कार्ड मिळाले आणि तो अंतिम सामन्याला मुकला, हेही लक्षात घ्यावे, म्हणजे पंच डोळे मिटून उभे होते असा समज होणार नाही.

उलट दिशेनेही दाद मागता येते. २०२१ च्या उपांत्य सामन्यात लिमरिकच्या पीटर केसीला वॉटरफर्डच्या खेळाडूला डोके मारल्याच्या कारणावरून बाहेर काढण्यात आले. सुनावणी समितीसमोर त्याने बाजू मांडली, ती मान्य झाली, आणि २२ ऑगस्टचा अंतिम सामना तो खेळला. दुखापतीने पहिल्याच अर्धात बाहेर पडण्यापूर्वी त्याने पाच गुण मिळवले होते. त्या दिवसांत लिमरिकमध्ये दुकानापासून बसथांब्यापर्यंत दुसरा विषय नव्हता. हे सगळे खेळाडू हौशी आहेत, त्यांना मानधन नाही, सकाळी ते शिक्षक, शेतकरी किंवा सुतार म्हणून कामाला जातात. अंतिम सामना हुकला तर आयुष्यात पुन्हा मिळेलच असे नसते, त्यामुळे एका कार्डासाठी इतक्या पायऱ्या चढणे मला अतिरेक वाटत नाही.

डावा_हाफ

सर, आपण विचारलेल्या प्रश्नात एक गृहीतक आहे की चित्रफीत पाहिली की न्याय होतो. मी पंधरा वर्षे हॉकी खेळलो आहे आणि मला याची खात्री वाटत नाही.

४ ऑगस्ट २०२४ चा पॅरिस ऑलिंपिकमधील भारत विरुद्ध ग्रेट ब्रिटन हा उपांत्यपूर्व सामना आठवून पाहा. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासची काठी विल कॅलननच्या डोक्याला लागली. त्या प्रसंगी चित्रफीत पाहिली गेली, आणि ती पाहिल्यानंतरच लाल कार्ड आले. उरलेली त्रेचाळीस मिनिटे भारत दहा जणांनिशी खेळला, सामना १-१ असा बरोबरीत राहिला आणि श्रीजेशच्या गोलरक्षणामुळे आपण शूटआउट ४-२ असे जिंकलो. मात्र रोहिदासवर एका सामन्याची बंदी आली, अपील फेटाळले गेले, आणि जर्मनीविरुद्धचा उपांत्य सामना आपण त्याच्याशिवाय २-३ असा हरलो.

मी त्या रात्री तो क्षण कितीदा पाहिला असेन. नेहमीच्या वेगाने पाहिले तर चेंडू घेऊन वळणाऱ्या खेळाडूची काठी ओघात वर जाते असे दिसते. तोच क्षण संथ गतीने पाहिला की हात जाणूनबुजून उचलला असे वाटू लागते, कारण निमिषात घडलेल्या हालचालीला पडदा विचार करण्याइतका वेळ बहाल करतो, जो खेळाडूला मिळालेला नसतो. हर्लिंगमध्ये तर प्रत्येक दुसरा फटका खांद्याच्या वर जातो. तिथे प्रत्येक प्रसंग संथ गतीने पाहायला लागलो तर सत्तर मिनिटांच्या सामन्याअखेरीस किती खेळाडू उरतील? त्यामुळे मैदानावर उभ्या असलेल्या माणसाने मूळ वेगात जे पाहिले ते प्रमाण मानावे, असे आयरिश लोक म्हणत असतील तर त्यात मला दोष दिसत नाही.

बार्शीच्या_पंच

सर, मी बार्शी परिसरात मुलींच्या कबड्डी सामन्यांत पंच म्हणून काम करते. हर्लिंगचा एकही सामना मी पाहिलेला नाही, परंतु पंचाच्या अहवालाविषयी वरती जे लिहिले आहे ते वाचून मला माझीच एक चूक सांगावीशी वाटते.

काही वर्षांपूर्वी एका शालेय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात मी सरपंच होते. चढाई करणारी मुलगी पकडीतून निसटून मध्यरेषेवर पालथी पडली होती आणि तिची बोटे रेषेला टेकली होती. शिट्टी झाली, गुण दिला गेला, आणि त्यानंतर कोपऱ्यात खेळणाऱ्या मुलीने मागे वळताना तिच्या बोटांवर टाच दाबून फिरवली. मी चार पावलांवर होते. नजर चुकण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून मी लाल कार्ड दाखवले. सामना संपल्यावर गुणपत्रकातील शेऱ्याच्या रकान्यात, जो जेमतेम दोन बोटे रुंद असतो, मी ‘गैरवर्तन, लाल कार्ड’ एवढेच लिहिले आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंतिम सामन्यापूर्वी तीच मुलगी त्याच क्रमांकाची जर्सी घालून सराव करताना दिसली. मी आयोजकांना विचारले तेव्हा त्यांनी गुणपत्रक माझ्यासमोर धरले आणि गैरवर्तन म्हणजे नेमके काय केले हे यात कुठे लिहिले आहे, असे विचारले. तोंडाने सांगितलेले त्यांनी ऐकून घेतले, पण मानले नाही. मैदानाच्या दोरीबाहेर काल पडलेली मुलगी उभी होती. तिच्या मधल्या बोटाला पट्टी होती आणि शेजारच्या बोटाचे नख काळेनिळे झाले होते. तिचा संघ हरला होता, म्हणजे अंतिम सामन्याशी तिचा संबंध उरला नव्हता, तरीही ती पाहायला आली होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि मला तिच्याशी बोलता आले नाही.

त्या दिवसापासून मी रकान्यावर भागवत नाही. कोरा कागद जोडते आणि शिट्टीच्या आधी की नंतर, कोणत्या हाताने किंवा पायाने, शरीराच्या कोणत्या भागावर, आणि मी किती अंतरावर होते, हे सर्व पूर्ण वाक्यांत लिहिते. एखादी झटापट माझ्या पाठीमागे झाली असेल आणि पालक ओरडून सांगत असतील, तर ‘ही घटना मी पाहिलेली नाही’ असेही स्पष्ट लिहिते. सुरुवातीला हे वाक्य लिहिताना कमीपणा वाटायचा. आता वाटत नाही, कारण मी पाहिले नाही असे लिहिले तरच रेषापंचाला किंवा समितीला विचारण्याची वाट मोकळी राहते. खोट्या अभिमानापोटी ‘पाहिले, विशेष काही नव्हते’ असे लिहिले तर ती वाट मीच बंद करते. आयर्लंडमध्ये हा नियमच आहे हे आज कळले.

होटगी_रस्ता

मॅडम, आपण लिहिलेले वाचून मला जिमी कूनी यांचे प्रकरण आठवले. २२ ऑगस्ट १९९८ रोजी क्रोक पार्कवर क्लेअर आणि ऑफली यांच्यात उपांत्य फेरीचा फेरसामना होता. क्लेअर तीन गुणांनी पुढे असताना पंच कूनी यांनी सुमारे दोन मिनिटे आधीच अंतिम शिट्टी वाजवली. ऑफलीचे प्रेक्षक मैदानात उतरून बसून राहिले. पंचांनी चूक झाल्याचे मान्य केले, आणि सामना थर्ल्स येथे नव्याने खेळवण्यात आला. तो ऑफलीने जिंकला आणि पुढे किलकेनीला हरवून विजेतेपदही मिळवले. क्लेअरच्या लोकांना ते आजही सलते आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर ते स्वाभाविक आहे. पण हातात घड्याळ असलेल्या माणसाने चुकलो असे म्हटले, म्हणून पुढचे पाऊल टाकता आले.

डावा हाफ यांच्या म्हणण्याशी मी अर्धा सहमत आहे. मूळ वेगातले दृश्य प्रमाण मानावे हे ठीक, पण ‘पाहिले आणि माझा निवाडा चुकला’ असे म्हणण्याची मुभा पंचाला असायला हवी. शिरस्त्राणाच्या प्रकरणात ‘पाहिले नाही’ आणि ‘पाहून निवाडा केला’ या दोनच खोल्या मला दिसल्या. तिसरी खोली माझ्या तरी पाहण्यात आली नाही.

डावा_हाफ

ही तिसरी मुभा मला मान्य आहे, फक्त तिला मुदत असावी. पंचाने त्याच संध्याकाळी अहवालात लिहावे. दोन दिवसांनी, वर्तमानपत्रे वाचून आणि दोन्ही गावांचे फोन घेऊन झाल्यावर जो निवाडा बदलेल, तो त्याचा स्वतःचा राहणार नाही.

क्रीडाशिक्षक_सोलापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ग्लीसनच्या प्रकरणात कुणीतरी कुणाला तरी वाचवले असावे असा माझा समज होता. तो चुकीचा होता हे मान्य करतो.

आमच्याकडे स्पर्धेच्या आदल्या दिवशी पंचांची बैठक होते आणि तिचा बहुतेक वेळ भत्ता आणि चहा-नाश्ता यांतच जातो. यंदा त्या बैठकीत मी गुणपत्रकासोबत एक स्वतंत्र पान जोडण्याचा प्रस्ताव मांडणार आहे. खेळाडूला बाद केले असेल किंवा तशी तक्रार आली असेल तरच ते भरायचे. त्यात पहिलाच प्रश्न ‘घटना आपण स्वतः पाहिली का?’ हा असेल, आणि उत्तरासाठी तीन पर्याय असतील: पाहिली आणि निर्णय दिला, पाहिली पण निर्णय चुकला, पाहिली नाही. पान सामना संपल्यापासून तासाभरात द्यावे लागेल. पालकांच्या मोबाइलवरील चित्रफिती मात्र मी तूर्त स्वीकारणार नाही, कारण त्या कुठून सुरू करून कुठे थांबवलेल्या आहेत हे आम्हाला तपासता येत नाही.

रेषापंचाने त्याच पानावर लिहावे की स्वतंत्र पानावर, याबद्दल माझे मत अजून ठरलेले नाही. एकाच पानावर लिहायचे तर नवखा रेषापंच सरपंचाच्या विरोधात लिहिणार नाही, ही धास्ती आहे. बार्शीच्या मॅडमनी आपण जोडत असलेल्या कागदाचा नमुना, मुलींची आणि शाळांची नावे झाकून, येथे टाकला तर बैठकीपूर्वी त्याच्या प्रती काढून घेईन.