मदत हवी आहे : सिकलसेलची माहिती परदेशी विद्यापीठाला देताना पाडा कसा लपवायचा?

मंडळी नमस्कार,

धडगाव-अक्कलकुवा भागात आमची छोटी संस्था सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांच्या नोंदी ठेवते. नॉर्वेतल्या एका विद्यापीठाला आमचे आकडे टांझानियातल्या आकड्यांशी ताडून बघायचेत. एथिक्स कमिटी झाली, आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरीही आली. अडलंय भलतीकडेच.

माहिती गोळा करण्याचं जमलंय. ओडीके कलेक्ट या फॉर्म भरायच्या मोबाईल अ‍ॅपमध्ये एन्क्रिप्टेड (सांकेतिक रूपात बंद होणारा) फॉर्म आहे. आशाताईंनी तो पूर्ण केला की फोनवरच कुलूप लागतं, किल्ली ऑफिसच्या लॅपटॉपवर. फोन हरवला तरी भरलेले फॉर्म कुणाला वाचता येत नाहीत. (मात्र वय 7 चं 70 पडलं तर ताईंनाही ते दुरुस्त करता येत नाही, नवा फॉर्म भरा!)

गोची पुढे आहे. नाव, आधार, मोबाईल सगळं काढलं तरी तीसेक घरांच्या पाड्यात 'मुलगी, वय 17, एसएस पॅटर्न' (म्हणजे नुसती वाहक नाही, प्रत्यक्ष रुग्ण) म्हटलं की कोण ते शेंबडं पोरही सांगेल. उद्या तिचं लग्न मोडायला तेवढं पुरे.

विद्यापीठ म्हणतं, डीएचएस या आंतरराष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणासारखे जीपीएसचे बिंदू मुद्दाम सरकवा, म्हणजे खरी जागा कळणार नाही. तिथे शहरी बिंदू 2 किमीपर्यंत हलवतात, ग्रामीण 5 पर्यंत, आणि ग्रामीणपैकी 1 टक्का थेट 10 पर्यंत. पण सातपुड्यात 5 किमी सरकलं की पाडा डोंगरापलीकडे! आणि त्यांना हवंय नेमकं आरोग्य केंद्रापर्यंतचं अंतर. कुणी यातून वाट काढलीय का?

प्रतिसाद १
बिंदू पाठवताच कशाला? अंतर खऱ्या जागेवरून इथेच काढा आणि फक्त गट द्या. तेही किलोमीटरमध्ये नको, डोंगरात सरळ रेषेला काही अर्थ नाही. चालत तासाच्या आत, एक ते दोन तास, त्यापुढे, असं करा. वयाचेही गट पाडा. एखाद्या गटात पाचपेक्षा कमी माणसं उरली तर तो शेजारच्या गटात मिसळा.

धागाकर्ता
चालायचा वेळ आशाताई तोंडपाठ सांगतील, हे झकास. पण एसएसवाले मुळात थोडे. गट मिसळत गेलो तर अख्खा तालुका एक होईल, मग तुलना कसली?

प्रतिसाद २
मग रुग्णनिहाय ओळी देऊच नका. विश्लेषणाचा कोड त्यांनी पाठवावा, तो तुमच्या लॅपटॉपवर चालवा, बाहेर जातील ते फक्त निकालाचे तक्ते. टांझानियातही तोच कोड चालला की झाली तुलना. तक्त्यांतलेही बारीक आकडे झाकायचे, बरं का. तुमच्याकडे 'आर' (R) ही आकडेवारीची संगणकभाषा येणारं कुणी आहे?