ईआरए १.१२ की १.७४? गिब्सन १९६८ आणि पेड्रो २०००

प्रश्न:
बेसबॉलमधल्या दोन पिचरांची (चेंडू टाकणाऱ्यांची) तुलना. ईआरए म्हणजे दर ९ इनिंगमागे पिचरने दिलेल्या अर्न्ड रन (फील्डिंगच्या चुकांमुळे न झालेल्या धावा), कमी तेवढा चांगला. बॉब गिब्सन, सेंट लुईस कार्डिनल्स, १९६८: ईआरए १.१२, ३०४.२ इनिंग, १३ शटआउट (एकही धाव न देता एकट्याने पूर्ण केलेले सामने). पेड्रो मार्टिनेझ, बोस्टन रेड सॉक्स, २०००: ईआरए १.७४, २१७ इनिंग. तरीही अनेक जण पेड्रोचा सीझन वरचढ मानतात, ते कोणत्या हिशोबाने? शिवाय गिब्सनचा ईआरए एक्सेलमध्ये काढला तर १.१२४ येतो, कॅलक्युलेटरवर १.१२३. चूक कुठे होतेय?

उत्तर १:
आधी त्या वर्षी लीगमध्ये धावा किती निघत होत्या ते बघा. १९६८ साली नॅशनल लीगचा सरासरी ईआरए होता २.९९. माऊंड (पिचर उभा राहतो तो उंचवटा) १५ इंच उंच होता. पिचरांचं पारडं इतकं जड झालं की पुढच्याच वर्षी तो १० इंचांवर आणला आणि स्ट्राइक झोनही (चेंडू वैध धरला जातो ती जागा) लहान केला. २००० च्या अमेरिकन लीगचा सरासरी ईआरए ४.९ च्या वर. त्या लीगच्या ईआरए यादीत पेड्रोनंतर रॉजर क्लेमेन्स, तोही ३.७० वर!
लीगच्या ईआरएला पिचरच्या ईआरएने भागायचं, १०० ने गुणायचं आणि मैदानाचा फरक धरायचा, की ईआरए प्लस मिळतो. गिब्सन २५८, पेड्रो २९१. शिवाय पेड्रोने फक्त १२८ हिट आणि ३२ वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला मिळणारा फुकट पहिला बेस) दिले, म्हणजे व्हिप (दर इनिंगमागे हिट + वॉक) ०.७३७.

उत्तर २:
एक्सेलची गडबड दशांशाची आहे. ३०४.२ म्हणजे ३०४ इनिंग आणि वर २ आउट, म्हणून सेलमध्ये ३०४.६६७ लिहा. ३८ अर्न्ड रन गुणिले ९, भागिले ३०४.६६७ = १.१२३. पूर्ण सीझनला फरक नगण्य पडतो, पण रिलीफ पिचरच्या २०.२ इनिंगला ८ अर्न्ड रन असतील तर ३.४८ च्या जागी ३.५६ दिसतं.
बाकी वरच्या उत्तराशी मी अर्धाच सहमत. ईआरए प्लस हा दर आहे, त्यात कामाचा भार दिसत नाही. गिब्सनने ३४ पैकी २८ सामने एकट्याने पूर्ण केले, पेड्रोपेक्षा जवळपास ८८ इनिंग जास्त टाकल्या. तेवढ्या इनिंग पेड्रोच्या संघाला बुलपेनकडून (राखीव पिचरांकडून) काढून घ्याव्या लागल्या. माझं मत गिब्सनला.

उत्तर ३:
पेड्रोच घ्यायचा तर १९९९ चा घ्या. एफआयपी (फील्डिंगचा भाग वगळून पिचरची कामगिरी ईआरएच्या मापात दाखवणारा आकडा) काढून बघा: १३ गुणिले होम रन, अधिक ३ गुणिले (वॉक + हिट बाय पिच, म्हणजे चेंडू फलंदाजाला लागणे), वजा २ गुणिले स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज), त्याला इनिंगने भागून त्या वर्षीचा स्थिरांक मिळवा, इथे सुमारे ३.१३.
१९९९: ९ होम रन, ३७ वॉक, ९ हिट बाय पिच, ३१३ स्ट्राइकआउट, २१३.१ इनिंग. उत्तर १.३९.
२०००: १७, ३२, १४, २८४, २१७ इनिंग. उत्तर २.१७.
ईआरए मात्र उलटा, २.०७ आणि १.७४. कारण १९९९ मध्ये मैदानात पडलेल्या चेंडूंपैकी सुमारे ३२ टक्के हिट झाले, २००० मध्ये २४ टक्केच. यात फील्डिंगचा आणि नशिबाचा वाटा मोठा असतो, पिचरचा लहान.