शिवाजी पेठेत भाड्यानं राहायला जावं का? पेठेत राहणाऱ्यांनी सांगावं

मिरजेची लेक

नमस्कार. मिस्टरांच्या बदलीमुळं आम्ही मिरजेहून कोल्हापुरात आलो. सध्या कळंब्याच्या बाजूला नव्या अपार्टमेंटमध्ये भाड्यानं राहतो. लिफ्ट आहे, गाडी लावायला जागा आहे, तक्रार करावी असं काही नाही. पण आम्ही दोघं नोकरीवर, मुलगी शाळेत आणि सासूबाई दिवसभर दार लावून आत. समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे त्यांना अजून माहीत नाही. मिरजेत भर पेठेत आयुष्य काढलेली बाई, दुपारी दोन वाजता मला ऑफिसात फोन करून विचारते, "काय चाललंय?" काही काम नसतं. बोलायला कोणी नसतं, म्हणून.

आता उभा मारुती चौकाच्या मागं एका गल्लीत जुनं घर मिळतंय. खाली दोन खोल्या, वर माडी, मागं न्हाणी आणि थोडं परसू. भाडं परवडतंय. सासूबाई एका पायावर तयार आहेत. माझ्या शंका तीन: आवाज, गाडी आणि लोकांची नजर. मुलगी चौथीत आहे, गणपतीत तिचा अभ्यास होईल का? आणि पेठेत आमचं कोणीच नाही. बाहेरून आलेल्या भाडेकरूला तिथं खरंच आपलं मानतात का?

उभा मारुती चौक

ताई, माझं माहेर मंगळवार पेठेत खासबागेजवळ, सासर शिवाजी पेठेत. शाळेत शिकवत होते, आता घरीच असते. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

होय, आपलं मानतात. पण ते नुसत्या गोड बोलण्यानं होत नाही, तालमीच्या वहीतून होतं. शाहू महाराजांनी कुस्तीला आसरा दिला, खासबागेचं मैदान बांधलं, त्या काळात इथल्या तालमी भरभराटीला आल्या. आज बऱ्याच तालमींत आखाड्यापेक्षा बाकीची कामं जास्त असतात: गणपती, शिवजयंती, फुटबॉलचा संघ, रक्तदान, पूर आला तर धावाधाव. गल्लीतलं प्रत्येक घर त्या वहीत असतं, भाडेकरूचंही. तुम्ही सामान लावून होण्याआधी वर्गणी मागायला पोरं येतील. तेव्हा "आम्ही भाड्यानं आहोत" असं म्हणू नका. ऐपतीप्रमाणं द्या आणि नाव नीट लिहायला सांगा. त्या दिवसापासून तुमचं घर मोजलं जातं.

मोजलं जातं म्हणजे काय, ते सांगते. माझे सासरे रात्री गेले. आमच्या माडीवरचा दिवा लागलेला बघून समोरच्या वहिनी खाली आल्या, त्यांनी नवऱ्याला उठवलं आणि उजाडायच्या आत तालमीची पोरं दारात होती. तिरडीचं सामान, नातेवाइकांना निरोप, बाहेर बसायला खुर्च्या, सगळं त्यांनी केलं. घरच्या पुरुषांना कशाचीही धावाधाव करावी लागली नाही. पुढचे दिवस आमच्या घरी चूल पेटली नाही; डबे कुठल्या घरातून कधी येणार हे बायकांनी आपसांत ठरवून टाकलं होतं. आपल्याकडं पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका दहनाचे पैसे घेत नाही आणि होळी आली की मंडळं होळी लहान करून शेणी, म्हणजे गोवऱ्या, स्मशानभूमीला देतात. आमच्या गल्लीतूनही जातात. कुणाच्या तरी आईसाठी, कुणाच्या तरी वडिलांसाठी. मला या गावाचा सगळ्यात जास्त अभिमान कशाचा वाटत असेल तर याचा.

आनंदाचंही तसंच. आषाढात मंगळवारी आणि शुक्रवारी त्र्यंबोलीची यात्रा असते. पंचगंगेचं नवं पाणी कलशात घेऊन पोरी-बायका पुढं, पी ढबाक वाद्य वाजतंय, आणि सगळी गल्ली टेकडीकडं. मग गल्लीचं मटण, घरटी वाटा. जी घरं खात नाहीत त्यांच्याकडं आमच्या गल्लीत गोडाचं जातं, विसरत नाहीत. तुमच्या मुलीला पहिल्याच वर्षी कुणीतरी कलश देईल बघा.

सासूबाईंबद्दल तर निर्धास्त राहा. दुपारी दारात खुर्ची टाकून बसल्या की येणारा-जाणारा विचारणारच, "जेवलासा काय?" दोन दिवस दिसल्या नाहीत तर कुणीतरी कडी वाजवेल. भाजीला कपिलतीर्थ, दर्शनाला अंबाबाई, आणि संध्याकाळी रंकाळा, सगळं पायी. गुडघे साथ देत असतील तर संध्यामठाच्या बाजूला रोज बायकांचा जथा फिरायला जातो, त्यांच्यात घालून देते. दूध हवं असेल तर गंगावेशीत कट्ट्यावर म्हशी येतात, डोळ्यांदेखत धार काढून देतात.

आता अडचणी. कार गल्लीत लागणार नाही. तिचा विचारच सोडा किंवा जरा लांब जागा भाड्यानं घ्या. आणि आवाज. गणपतीत साउंड सिस्टीमनं आमच्या जुन्या भिंतींचा गिलावा सुटतो, खिडकीची तावदानं थरथरतात. अनंत चतुर्दशीची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. माझं स्पष्ट मत आहे की हे चुकीचं आहे. हृदयाचा त्रास असलेल्या म्हाताऱ्या माणसांना त्या रात्री दुसरीकडं नेऊन ठेवावं लागतं, याला उत्सव म्हणत नाहीत. मंडळाच्या बैठकीत मी हे दरवर्षी बोलते. आमच्या गल्लीतल्या पोरांनी निदान आरतीनंतर आवाज बंद ठेवायचं मान्य केलंय. तुम्हीही आलात तर बैठकीला या. बायका बैठकीत बसल्या की निर्णय वेगळे होतात.

फुटबॉलचं तर विचारूच नका. माझे वडील पाटाकडीलचे, नवरा शिवाजी मंडळाचा. शाहू स्टेडियमवर हे दोन संघ समोरासमोर आले की दोन्ही पेठा तिकडं जातात. त्या दिवशी दुचाकी घेऊन मिरजकर तिकटीकडं जायचं टाळा. ईर्षा चांगली आहे, पोरं त्यामुळं मैदानावर राहतात. हुल्लडबाजी होते तेव्हा मात्र वाईट वाटतं, कारण त्यातली निम्मी पोरं माझ्या वर्गात बसलेली असतात.

जामदार क्लबच्या बाजूचा

काकूंनी सगळं बरोबर सांगितलंय. माझी एकच भर: पेठ निवडताना उंची बघा.

आम्ही शुक्रवार पेठेत, नदीच्या अंगाला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना आलं की इशारा, ४३ ला धोका, हे आमच्या पोरांना पाढ्यांसारखं पाठ आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमच्या तळमजल्यावरचं कपाट, गाद्या, पोरांची पुस्तकं, काही राहिलं नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा. शिवाजी पेठ चढावर आहे, उभा मारुतीकडं पुराची तशी भीती नाही.

पण एक सांगतो. २०१९ ला आम्ही शाळेत राहायला गेलो तेव्हा वरच्या पेठांतून भाकरी-पिठलं यायचं, गरम. उपसा केंद्रं पाण्यात गेल्यामुळं सगळ्या शहराचे नळ बंद होते, वरच्या पेठांतही. टँकरच्या रांगेत तास घालवून आणलेल्या पाण्यात त्या बायका आमच्यासाठी स्वयंपाक करत होत्या. मी तेव्हापासून गणपतीच्या वर्गणीला घासाघीस केलेली नाही.

पेठ सोडलेली

मी शिवाजी पेठेत वाढले, आता पुण्यात असते. दुसरी बाजूही सांगायला हवी.

"दोन दिवस दिसल्या नाहीत तर कडी वाजवतात", हे सासूबाईंसाठी फार चांगलं आहे. विशीतल्या मुलीसाठी तेच वेगळं असतं. क्लासहून कुणाच्या गाडीवर आले हे मी घरी पोचायच्या आधी कट्ट्यावरून घरी पोचलेलं असायचं. विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, पण मला श्वास घ्यायला जागा नव्हती. ताई, तुम्ही नोकरी करता, कधी उशीर होईल, कधी ऑफिसातला सहकारी सोडायला येईल. पहिल्या महिन्यातच हे साधं, सरळ सांगून टाका. न सांगता लोक तर्क करतात. मुलगी मोठी होईल तेव्हाचाही विचार आत्ता करा.

उभा मारुती चौक

बाई, तू म्हणतेस ते खरं आहे आणि मी ते नाकारणार नाही. माझ्या मुलीनंही हेच सोसलं. तिच्या वेळी मी कट्ट्यावर जाऊन बोलले होते, पोरांच्या आयांशीही बोलले. थोडा फरक पडला, पूर्ण नाही. आता गल्लीतल्या मुली रात्रीच्या शिफ्टवरून येतात, तेव्हा कोपऱ्यावर जागी असलेली पोरं दिवा चालू ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी कुणी काही विचारत नाही. हे आपोआप झालेलं नाही, बायकांनी भांडून मिळवलंय.

तरीही मी पेठेतच राहीन. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा मी माहेरी होते. १९१५ सालची वास्तू, शाहू महाराजांनी बांधलेली. आमच्या बालनाट्यांपासून नातवाच्या गॅदरिंगपर्यंत सगळं तिथं झालेलं. गल्ल्यांतून माणसं घरच्या कपड्यांत पळत आली. हमाली करणारे, सोनार, कॉलेजची पोरं, म्हाताऱ्या बायका, सगळे रस्त्यावर उभे राहून रडत होते. आपल्या वाड्याला आग लागल्यावर जसं होईल तसं. नव्या कॉलनीत मला इतकं आपलं वाटेल असं काही दिसत नाही.

सिटी सर्व्हे

व्यवहाराचं थोडं. पेठेतल्या जुन्या घरांच्या प्रॉपर्टी कार्डावर बहुतेक वेळा आजोबांचं नाव असतं आणि वारस पाच-सहा. तुमच्याशी करार करणारा एकटा मालक आहे, की भावांचं संमतीपत्र लागेल, हे आधी विचारा. करार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं ती जबाबदारी मालकाची आहे, "नोटरी पुरे" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. पावसाळ्यात घर बघा. माडीचं लाकूड, कौलांखालची गळती, शेजाऱ्याबरोबरची सामायिक भिंत, विजेचा मीटर स्वतंत्र आहे का, एवढं तपासलं तरी पुष्कळ.

मिरजेची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. पेठ सोडलेल्या ताईंचं विशेष, ते कुणी सांगितलं नसतं. मिस्टर गाडी लांब लावायला तयार आहेत. मालक तीन भाऊ आहेत, तिघांची सही घ्यायची ठरली. काकू, सासूबाईंना घर दाखवायला कधी आणू? आणि सामान हलवायचं गणपतीच्या आधी की नंतर?

उभा मारुती चौक

आधीच या. नंतर आलात तर वर्षभर पाहुण्यांसारखं राहाल. सासूबाईंना रविवारी संध्याकाळी सहाच्या पुढं आणा, तेव्हा गल्ली दारात बसलेली असते. त्यांना माडीचा जिना चढून बघू दे. जुन्या घरांचे जिने उभे असतात, खालच्या खोलीत झोपायची सोय होते का ते त्यांनीच ठरवावं. मी मारुतीच्या देवळासमोर थांबेन. टेम्पो गल्लीत शिरणार नाही, सामान चौकातून हातानं आणावं लागेल. दिवस ठरला की आदल्या रात्री कळवा, पोरांना सांगून ठेवते.