देवळातली वटवाघळं हाकलायची का?

रानवाट
"मंडपात मिरचीची धुरी करा, दोन दिवसांत वटवाघळं गायब", असं काल 'चिरेबंदी' यांनी लिहिलं. वाचल्यापासून चैन नाही. अहो, कौलांखाली लटकणारी ती वाघळं फळं खाणारी नव्हेत, किडे खाणारी आहेत. सुकी लेंडी काडीने चुरून बघा, किड्यांच्या पंखांचा चकचकीत चुरा निघतो. दिवेलागणीला बाहेर पडून, स्वतःच्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवर ती पतंग, भुंगेरे, डास टिपतात. पाजती मादी एका रात्रीत आपल्या निम्म्या वजनाहून जास्त किडे खाऊ शकते. बहुतेक जातींना वर्षाला एकच पिल्लू. आमच्या देवळात मे महिन्यात धुरी झाली होती. माद्या उडाल्या, पिल्लं फरशीवर पडली. मी बारा वर्षांचा होतो. ती सुपात भरून मीच बाहेर टाकली.

चिरेबंदी
पिल्लांचं वाईट वाटलं. पण देवाच्या मुकुटावर लेंड्या पडतात, त्या आमची अठ्ठ्याहत्तर वर्षांची आत्या रोज पुसते. तुम्ही येता पुसायला? आणि वटवाघळांतून माणसाला होणाऱ्या निपाह विषाणूचं काय? 2021 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनेच सांगितलं ना, महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत सापडला म्हणून!

रानवाट
सापडला, मान्य. पण त्यात बहुतेक फळं खाणारी होती. आणि घाबरवून उधळलेली वाघळं जाणार कुठे? तुमच्याच माळ्यावर.

चिकूवाला
किडेखाऊ, फळखाऊ, मला फरक नाही. माझी बाग दरवर्षी ओरबाडतात.

माजघर
चिकूचं इथे काय? खरा गुन्हेगार स्लॅब. आमच्या वाडीत तीन देवळांची कौलं काढून स्लॅब टाकला, वर रात्रभर फोकस. उजेडात कुठलं वाघूळ राहील? सागवानी खांब विकले, ग्रॅनाइट बसवलं. जीर्णोद्धार म्हणे!

चिरेबंदी
कौलांचं प्रेम शहरात बसून सोपं आहे. माकडं फोडतात, शाकारणीला माणूस मिळत नाही. गेल्या पावसात गाभाऱ्यात बादल्या लावल्या आम्ही. वर्गणी कोण देतं? मुंबईकर फक्त फोटो मागतात.

माजघर
मी मुंबईत नाही, तुमच्याच तालुक्यात आहे. दोन वर्षं स्वतः शिडीवर चढून शाकारलंय. उगाच बोलू नका.

सीमाभाग
भांडा खुशाल, पण बारापेड्याची गुहा आठवा. आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या त्या गुहेत 1912-13 च्या सुमारास रॉटनचं वटवाघूळ हा नवाच प्रकार मिळाला. त्यानंतर कित्येक दशकं जगात त्याचं तेवढंच एक ठिकाण माहीत होतं. तिथे कुणी धुरी केली असती तर?

चिरेबंदी
बरं. मे महिन्यात धुरी नाही, एवढं कबूल. पण देवाच्या डोक्यावर वाघूळ ठेवणार नाही. दिवाळीनंतर, रात्री ती बाहेर गेली की गाभाऱ्यावरची फट बुजवू. मागच्या पडवीची उघडी ठेवतो.

रानवाट
आधी दोन-तीन रात्री आत एकही वाघूळ मागे उरत नाही ना, ते बघा. मी येतो. लेंड्या पाणी मारून, तोंडाला फडकं बांधून काढू. फेकू नका, पोफळीला घाला. आणि आत्यांना सांगा, मुकुट त्या दिवशी मी पुसेन.