इमॅजिकाजवळ राहायला जावं का?

प्रश्न: पोरांच्या इमॅजिका थीम पार्कच्या वेडापायी अलिबागहून खोपोलीला बिऱ्हाड हलवायचा विचार आहे. फ्लॅट घ्यावा की प्लॉट?

उत्तर १: आधी भाड्याने राहा, तेही पावसाळ्यात. घाटपायथ्याला पाऊस तुफान. भिंतींना ओल धरते, कपाटामागे बुरशी येते. विजा कडाडल्या की उघड्यावरच्या राइड बंद. ११ महिन्यांचा करारसुद्धा नोंदवाच, कायद्याने बंधनकारक आहे.

उत्तर २: प्लॉट घ्यायचा तर सातबारा, फेरफार (मालकीबदलाची नोंद) आणि बिनशेतीचा (एनए) आदेश स्वतः बघा. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. 'नंतर एनए करून देतो' या बोलीवर इसार (आगाऊ रक्कम) अजिबात देऊ नका!

उत्तर ३: पार्क खोपोली-पाली रस्त्याला आहे, स्टेशनहून चालत जाण्यासारखं नाही. नोकरी मुंबईत असेल तर लोकलचं वेळापत्रक आधी बघा. कर्जत-खोपोली एकेरी मार्ग, गाड्या मोजक्याच.